रंगाला हात लावायचा नाही

बदलापूर गावात गारा पडल्या त्या दुपारी जनू भोपीने अंगातली बंडी काढून गाडीच्या बॉनेटवर टाकली आणि स्वतः उघडाच गाडीला चिकटून उभा राहिला. बंडीने कुठे गारा अडतात? लिंबाएवढ्या गारा टपावर, डिकीवर, बॉनेटवर ताडताड आपटत होत्या. दोन-चार जनूच्या टकलावरही बसल्या.

"बाबा, आत या! डोकं फुटेल!" सून हर्षदा दारातून ओरडत होती.

जनू हलला नाही. गारा थांबल्या तेव्हा त्याने भिजलेली बंडी उचलली आणि सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहिली. बॉनेटवरचं स्वस्तिक जागेवर होतं.

बाकी गाडी बघवत नव्हती. पांढऱ्या पत्र्याला देवी येऊन गेल्यासारखे खड्डे पडले होते.

ते स्वस्तिक सखूने काढलं होतं. सखू म्हणजे जनूची बायको. गाडी नवी घेतली तेव्हा ती दोघं आणि मुलगा राजेश गाडी तशीच अंबरनाथच्या शिवमंदिराकडे घेऊन गेले होते. पुजाऱ्याने पाण्यात कालवलेलं कुंकू दिलं, ते सखूने बाजूला ठेवलं. "असला कुंकू घरी पोचायच्या आत उडून जाईल," ती म्हणाली. बाहेरच्या फुलवाल्याकडून शेंदराची पुडी घेतली आणि दिव्याच्या तेलात कालवली. शेताच्या बांधावर देवाचा दगड आहे, त्याला ती दरवर्षी लावायची अगदी तसाच. मग ड्रायव्हरच्या बाजूने उभं राहून तिने बोटाने स्वस्तिक काढलं. एका बाजूने काढल्यामुळे ते जरा कललेलं आलं. वर ताकीद दिली, देवाचं आहे, आपोआप जाईपर्यंत कोणी पुसायचं नाही.

कोणी पुसलं नाही. सगळा उन्हाळा गाडी अंगणात तापली आणि तेल-शेंदूर रंगात असा मुरला की पुढे साबणाला, रॉकेलला, पॉलिशला, कशालाच दाद देईना. राजेशने कपाळावर हात मारून घेतला.

"आई, नव्या गाडीची वाट लावलीस! दगड आहे का हा?"

"दगडाच्या तरी लोक पाया पडतात," सखू म्हणाली. "या गाडीच्या कोन पडतंय?"

मागच्या दिवाळीच्या आधी सखू गेली. ताप आला, कावीळ निघाली आणि बघता बघता सगळं आटोपलं. तिची लुगडी बहिणींनी वाटून नेली. भिंतीवर लावायला तिचा एकटीचा धड फोटो नव्हता, म्हणून कोणाच्या तरी हळदीतल्या गर्दीतून तिचं तोंड कापून मोठं केलं. तो फोटो तिच्यासारखा दिसत नाही. जनू त्याला हार घालतो, पण त्याच्याकडे बघत नाही. तिच्या हातचं म्हणून आता जे काही उरलं होतं ते गाडीच्या बॉनेटवर होतं. हे त्याने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. गाडी धुताना तेवढ्या जागेवर तो फडकं फिरवत नसे, इतकंच.

आणि नेमकं हर्षदाच्या भावाचं लग्न तोंडावर आलेलं. नवरदेवाची गाडी म्हणून हीच गाडी ठरलेली. आगऱ्यांच्या लग्नात नवरदेवापेक्षा लोक त्याच्या गाडीकडे जास्त बघतात. असली खड्ड्यांची गाडी मांडवासमोर नेली तर राजेशची सासरवाडी त्याला जन्मभर ऐकवत राहिली असती. दुसऱ्याच दिवशी त्याने गाडी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये धर्मेशशेठच्या गॅरेजात घातली. जनू न बोलावता पुढच्या सीटवर जाऊन बसला होता.

धर्मेशने खडूने एकेका खड्ड्याभोवती गोल काढायला सुरुवात केली. टपाच्या मध्यापर्यंत आला आणि खडू खिशात टाकला.

"साईं, इसमें गिनने का क्या है? पूरा घासू. पुट्टी मारू, प्रायमर मारू, भट्टीत टाकू. शोरूममधून काढल्यासारखी देतो." मग बॉनेटकडे बघून तो खूश होऊन म्हणाला, "आणि हे तुमचं डाग पण निघून जाईल. त्याचं वेगळं काय घेणार नाही."

"त्याला हात लावायचा नाय," जनू म्हणाला.

"बाबा, रंग झाल्यावर नवीन काढू ना," राजेश म्हणाला. "लग्नाच्या दिवशी हर्षदा काढेल. सरळ काढेल."

"तिनं कशाला? हा हाय ना."

"पण बॉनेटवर खड्डे आहेत!"

"ऱ्हाऊ दे. बाकीची गाडी रंगवा."

धर्मेश हसला. "काका, बाकी गाडी नवी आणि बॉनेट जुनं? पांढरा पण शंभर तऱ्हेचा असतो. दुरून दिसेल, दोन गाड्या जोडल्यात." त्याने कारागिराला खूण केली. कारागीर घासायचं मशीन घेऊन पुढे आला, वायर लावली, बटण दाबून एकदा घर्रर्र करून बघितलं.

जनू पासष्टीला आलेला माणूस. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्याने हयात टेम्पो चालवण्यात घालवली. त्याने चपला काढल्या, बंपरवर पाय दिला आणि बॉनेटवर चढून बरोबर स्वस्तिकाच्या वर मांडी घालून बसला. खालून पत्रा डब्बकन वाजला.

"काका, उतरा! पत्रा बसतोय!"

"बसू दे. घासन्यापेक्षा बरा."

"बाबा, काय हे? लोक बघतायत," राजेश दातओठ खात म्हणाला.

"बगू दे. तिकीट लावला हाय का?"

रस्त्यावर खरोखरच माणसं जमली. समोरच्या जीन्सच्या कारखान्यातली पोरं दोरे कापायचं सोडून दारात आली. एक जण म्हणाला, "चाचा, अंदर बैठने का, गाडी के अंदर." जनूने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धर्मेशशेठने शेवटी हात जोडले. "राजेशभाई, पहिले घर में फैसला करा, मग गाडी आणा. मला धंदा करायचा आहे."

परत येताना विठ्ठलवाडी मागे पडल्यावर राजेशने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "आई गेली, बाबा. बॉनेट धरून ठेवलं म्हणून ती परत येणार आहे का?"

"नाय येनार," जनू म्हणाला. "म्हनूनच."

घरी हर्षदाने दोघांची तोंडं बघितली आणि काय झालं ते राजेशकडून काढून घेतलं. राजेशला वाटलं, लग्न हिच्या भावाचं, ही आपली बाजू घेईल. हर्षदा मोबाईल घेऊन बसली आणि तासाभराने तिने सासऱ्यापुढे एक व्हिडिओ धरला. एक माणूस लांब वाकडी सळी गाडीच्या दाराच्या आत घालून खड्डा आतून ढकलत होता. बाहेरून कोणी काही करत नव्हतं. बघता बघता खड्डा नाहीसा झाला. रंग तसाच.

"भूपेश नाव आहे," ती म्हणाली. "अंबरनाथला, पूर्वेला दुकान आहे. पुट्टी नाही, रंग नाही. मी फोन केला. म्हणतो, गारांचीच कामं चाललीत, आणा."

"तुझ्या भावाच्या लग्नाची गाडी आहे, आणि तू त्या डागासाठी दुकानं शोधतेस?" राजेश म्हणाला.

"सासूबाईंनी मला या गाडीत कधी पुढे बसू दिलं नाही. माहेरी जाताना पण नाही," हर्षदा म्हणाली. "म्हणून मी काय त्यांचं काढलेलं घासून टाकू?"

भूपेश हा चाळिशीचा, बडबड्या, पोट सुटलेला माणूस. हे काम तो आखातात शिकून आला होता, आणि ते समोरच्याला पहिल्या दोन वाक्यांतच कळायचं. दुकानाच्या एका भिंतीवर सळ्या टांगलेल्या. काही करंगळीएवढ्या, काही पुरुषभर लांब. कोणाचं टोक चपटं, कोणाचं माशाच्या शेपटीसारखं, कोणाला रबराची टोपी.

"माझी एकच कंडिशन, काका. घाई करायची नाही."

"माझीबी एकच हाय. रंगाला हात लावायचा नाय."

"अहो, हाच तर माझा धंदा!" भूपेश हसायला लागला. "रंगाला हात लावला तर माझ्यात आणि त्या पुट्टीवाल्यांत फरक काय? ऐसे डेंट निकालता हूं, की गाडीला पण कळत नाही."

"रोज दुकान बंद करशील तवाच मी जानार," जनू म्हणाला आणि स्टूल ओढून बसला.

भूपेशने टपाचं आतलं कापड उतरवलं. उघडा पत्रा दिसायला लागला. मग त्याने एका स्टँडवरचा दिव्याचा फळा टपावर झुकवला. फळ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा होत्या. त्या टपाच्या रंगात आरशासारख्या उमटल्या. जिथे खड्डा, तिथे रेघ वाकडी होऊन गोळा व्हायची.

"खड्ड्याकडे बघायचं नाही. रेघेकडे बघायचं," भूपेश म्हणाला.

तो आतून सळीचं टोक टेकवायचा, जरासा दाब द्यायचा, सोडायचा, परत द्यायचा. एकाच जागी जोर लावला तर पत्रा वर टेंगूळ काढतो. असं टेंगूळ आलंच तर तो वरून प्लास्टिकची बोथट खुंटी ठेवून लहान हातोडीने टिचकी मारल्यासारखं मारायचा. जनू आधी फळ्याकडे बघत होता, मग टपाकडे, आणि बऱ्याच वेळाने त्याला दिसायला लागलं. गोळा झालेली रेघ हळूहळू सैल व्हायची, लांब व्हायची, आणि शेजारच्या रेघांसारखी सरळ होऊन पडून राहायची. चुकून भूपेशचा हात सरकला आणि रेघ दुसरीकडे फुगली, की जनू स्टुलावरून "चक्" करायचा.

"काका, तुम्ही बसा. मी करतो ना."

"कर. मी कुठं धरलाय तुला?"

टप झाला, डिकी झाली. त्यात बरेच दिवस गेले. जनू रोज डबा घेऊन यायचा. दोघं मिळून जेवायचे. भूपेशला सुकी मासळी चालायची हे कळल्यावर हर्षदा जास्तीचं देऊ लागली. शेवटी बॉनेट राहिलं.

बॉनेटला आतून दुसरा पत्रा असतो, सांगाड्यासारखा. त्याला मधून मधून भोकं असतात. भूपेश त्या भोकांतून सळ्या घालून कोपरे काढू लागला. बॉनेट उभं करून ठेवलेलं असताना जनूने एकदा वाकून सांगाड्याच्या फटीतून वरच्या पत्र्याची खालची बाजू बघितली. स्वस्तिकाच्या बरोबर मागे. तिथे काही नव्हतं. कोरा पत्रा आणि धूळ. सखूचं जे होतं ते सगळं वरच्या कागदासारख्या पातळ रंगात होतं. ते त्याला माहीत होतं, तरी त्याने जरा वेळ बघितलं.

गारांचे खड्डे एकेक करून गेले. जनू बसला होता तो मोठा खोलगट भाग तर भूपेशने एका दाबात टण्‌कन बाहेर काढला. पण त्यात एक बारीक, टोकदार खड्डा उरला. स्वस्तिकाच्या खालच्या बाहूला लागूनच.

"हा गारेचा नाही," भूपेश म्हणाला. "गार गोल बसते. इथे काहीतरी टोचलंय."

जनूने पँटच्या मागच्या खिशात हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा हातात घराच्या, कपाटाच्या आणि मोटरपंपाच्या चाव्यांचा जुडगा होता. भूपेशने जुडग्याकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे, आणि पोट धरून हसला.

"वा काका! गारेने नाही केलं ते तुम्ही केलं!"

हसणं थांबल्यावर त्याने सळ्या घालून बघितल्या. एक, दुसरी, तिसरी. खड्डा बरोबर सांगाडा जिथे वरच्या पत्र्याला चिकटवलेला असतो त्या जागेवर होता. सळीचं टोक तिथवर पोचत नव्हतं. "आता वरून ओढायला लागेल," तो म्हणाला आणि कसं ते त्याने बॉनेटच्या कोपऱ्यात राहून गेलेल्या एका खड्ड्यावर दाखवलं. प्लास्टिकच्या बटणाला गरम गोंद लावला, बटण खड्ड्यात चिकटवलं, गोंद धरू दिला, मग छोट्या चिमट्यासारख्या ओढणीने बटण वर खेचलं. टप्प करून बटण सुटलं, त्याच्याबरोबर खड्डाही वर आला. स्पिरिटने गोंद पुसला. रंग ठणठणीत.

तसाच स्पिरिटचा बोळा त्याने स्वस्तिकाच्या कडेला हलक्या हाताने टेकवला आणि उचलून बघितला. बोळ्याला फिकट केशरी लागलं होतं.

"इथला वरचा थर शेंदराने खाल्लाय," तो जरा हळू आवाजात म्हणाला. "पण काका, दहातून नऊ वेळा काही होत नाही."

"आनि दहाव्यांदा?"

"दहाव्यांदा गोंदाबरोबर रंगाचा पापुद्रा येतो. एवढासा." त्याने बोटाचं पेर दाखवलं. स्वस्तिकाचा अख्खा खालचा बाहू त्यात गेला असता.

तेवढ्यात गाडी न्यायला राजेश आणि हर्षदा पोचले. काय चाललंय ते भूपेशने सांगितलं. राजेशने टपावरून हात फिरवला, डिकीवरून फिरवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर समाधान दिसलं.

"मग ओढा ना," तो म्हणाला. "दहातून नऊ म्हणजे झालंच की. बाबा, एवढ्यासाठी कशाला अडता?"

"तुझ्या आयशीच्या वेळेला डॉक्टरनंबी असाच सांगितला होता," जनू म्हणाला. "दहातले नऊ बरे होतात."

भूपेशने गोंदाची बंदूक खाली ठेवली. राजेश बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्यावर उमटलेल्या फळ्याच्या रेघा बघू लागला. सगळ्या रेघा बॉनेटभर सरळ गेल्या होत्या. केशरी रंगापाशी तेवढी एक वाकून पुढे जात होती.

शेवटी भूपेशच म्हणाला, "काका, तुमचं बरोबर असेल. पण माझं पण ऐका. मी आजवर डेंट ठेवून गाडी सोडलेली नाही. लग्नात चारशे माणसं बघणार. म्हणणार, भूपेशला जमलं नाही."

"सांग त्यांना, म्हाताऱ्यानं हात लावू दिला नाय."

"चारशे जणांना कुठे सांगत फिरू?"

"मी सांगतो. मांडवात माईक असतो."

"नको!" हर्षदा एकदम म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं. "बाबा, माईक नको. दादाला मी सांगते. तो काही बोलायचा नाही."

"आणि त्याचे मित्र?" राजेश म्हणाला. "ते सोडतील? हळदीपासून सुरू होतील."

"मना विचारू दे ना त्यांना," जनू म्हणाला. "मी काय पळून चाललोय? ही माझी गाडी हाय. बॉनेट माझा हाय, खड्डा माझा हाय, स्वस्तिक काढनारी माझी होती. ज्याला गुळगुळीत पायजे त्यानं दुसरी गाडी आनावी, मी वरातीत पायी येईन."

राजेश बॉनेटला वळसा घालून आला. मग वाकून त्याने बोटाने तो खड्डा चाचपला, पण रंगाला बोट लागू न देता, कडेकडेने. आईचं स्वस्तिक त्याने इतक्या जवळून बहुधा पहिल्यांदाच बघितलं असावं.

"कललंय जाम," तो म्हणाला.

"ड्रायव्हरच्या सीटवरून सरळ दिसतंय," जनू म्हणाला. "चालवताना कधी बगितलंस तर दिसेल."

भूपेशने टपाचं कापड परत बसवून दिलं, गाडी पुसली, स्वस्तिकाभोवती फडकं वळवून घेतलं. किल्ली देताना तो अजून घुश्शातच होता. "कोणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

"सांगनार. सगल्यांना सांगनार. टप बगा, डिकी बगा, भूपेशनं केलंय. आनि बॉनेटचा विचारलात तर मी केलंय."

जनू स्वतः गाडी चालवायला बसला. राजेश शेजारी, हर्षदा मागे. पण निघायच्या आत राजेश खाली उतरला आणि मागचं दार उघडून हर्षदाला म्हणाला, "तू बस पुढे." हर्षदाने एकदा सासऱ्याकडे पाहिलं. जनू समोर बघत होता. ती पुढे येऊन बसली.

शिवमंदिराकडून बदलापूरच्या रस्त्याला लागताना गाड्या तुंबल्या होत्या. शेजारी एक शेअर रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाला बाहेर झुकून बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिला. त्याच्याही टपाच्या गारांनी चिंधड्या केल्या होत्या.

"काका, गाडी मस्त बनवलीय," तो ओरडला. "पण तो एक राहिला बघा. तिथं, लाल आहे ना, तिथं."

जनूने काच पूर्ण खाली केली.

"राहिला नाय," तो म्हणाला. "ठेवलाय."

रिक्षावाल्याला काही कळलं नाही. पुढची गाडी हलली. जनूने गिअर टाकला, हॉर्नवर हात ठेवला आणि तो वाजवतच पुढे निघाला.